संदर्भ हवा!

आज शाळेतल्या मुलाला प्रकल्प करायचा असो, स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला टिपण काढायचे असो, की वर्तमानपत्राच्या उपसंपादकाला एखाद्या पुढाऱ्याची जन्मतारीख तपासायची असो, हात पहिल्यांदा जातो तो मोबाईलकडे. पडद्यावर ज्या पहिल्या चार ओळी येतात, त्या पुष्कळदा विकिपीडिया नावाच्या ज्ञानकोशातून आलेल्या असतात. आता तर प्रश्न विचारला की माणसासारखे उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. ही यंत्रे ज्या मजकुरावर पोसली गेली, त्यातही विकिपीडिया आहे. म्हणजे तिथे जे लिहिले आहे ते दहा दिशांना पसरते आणि तिथे जे लिहिलेले नाही ते दहाही दिशांना नसते. ज्यांचा इतिहास आधीच पुसला गेला, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हे.

आमच्या वस्तीतल्या विहाराशेजारी एक अभ्यासिका आहे. तिथली काही तरुण मुले-मुली आणि आमच्यासारखे चार वयस्कर कार्यकर्ते मिळून आम्ही महिन्याला एक पॉडकास्ट करतो. पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर, हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओसारखा कार्यक्रम. त्याला मोठे भांडवल लागत नाही. एक बरा माईक, एक शांत खोली आणि सांगण्यासारखे काहीतरी असले की झाले. लोकलमध्ये उभ्याने, भांडी घासताना, रात्रपाळीला राखण करताना माणसे तो ऐकतात. पुढचा भाग विकिपीडियावर करायचा असे ठरले. कार्यक्रम चाळीस मिनिटांचा. पण त्याचा आराखडा करायला तीन रविवार गेले. कारण जवळजवळ प्रत्येक मिनिटावर वाद झाला. तो वाद आमच्या खोलीपुरता नाही, समाजाचा आहे. म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

पहिला प्रश्न हाच निघाला, की हा विषय घ्यायचाच कशाला? पँथरच्या दिवसांत लाठ्या खाल्लेले एक काका म्हणाले, "पोरांनो, कोश त्यांचे, छापखाने त्यांचे. आता हा इंटरनेटवरचा कोशही त्यांचाच असणार. आपण आपलं बोलावं, आपल्या माणसांशी बोलावं." ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मराठीत कोशांची परंपरा मोठी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. ही कामे थोर आहेत, त्यांचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण कोणता विषय कोशात घ्यायचा, कोणाला किती ओळी द्यायच्या आणि त्या कोणी लिहायच्या, हे मोजक्या विद्वानांनी ठरवले. वाचकाने फक्त वाचायचे.

केतकरांचा कोश आकाराला येत होता त्याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. पैसे देण्याची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ज्यांची जाहिरातसुद्धा पैसे घेऊन छापली जात नव्हती, त्यांच्या बातम्या कोण छापणार? आणि ज्यांच्या बातम्याच छापल्या गेल्या नाहीत, त्यांच्या नोंदी कोशात कशा येणार? काकांच्या शंकेच्या मागे शंभर वर्षांचा हा अनुभव उभा आहे.

पण विकिपीडियाचा घाट वेगळा आहे आणि तोच श्रोत्यांना आधी सांगायचा असे ठरले. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी तो इंग्रजीतून सुरू केला. त्याआधी त्यांनी 'न्यूपीडिया' नावाचा कोश काढून पाहिला होता. त्याची रीत जुनीच : तज्ज्ञांनी लिहायचे, तज्ज्ञांनी तपासायचे, अनेक चाळण्यांतून गेल्यावर लेख प्रसिद्ध करायचा. लेख फार थोडे पुरे झाले. मग त्यांनी दारच काढून टाकले. वाचणाऱ्यानेच लिहावे, चूक दिसली तर दुरुस्त करावी. 'विकी विकी' म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत 'लवकर लवकर'. आज हा कोश तीनशेहून अधिक भाषांत आहे. इंग्रजीत सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला आणि त्यात आज एक लाखाच्या आसपास लेख आहेत. तो चालवणारी संस्था नफा कमावणारी नाही. कोशात जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो आणि लिहिणारे मानधन न घेता लिहितात.

कार्यक्रमाची पहिली दहा मिनिटे या रचनेला द्यायची ठरली. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर 'संपादन' असे लिहिलेले असते. त्यावर बोट ठेवले की लेख लिहिण्यासाठी उघडतो. शेजारी 'इतिहास' असतो. त्यात कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला याची नोंद राहते. तिसरे असते 'चर्चा' पान. तिथे लिहिणारे आपसात वाद घालतात. आमचा आग्रह आहे की श्रोत्याने लेख वाचण्याआधी ही दोन पाने उघडावीत. पंचायतीचा ठराव तर सगळेच वाचतात. तो ठराव होताना कोण काय बोलले, हे पाहण्याची सोय आपल्याला कधी मिळाली होती?

आमच्यातली एक मुलगी गेली काही वर्षे मराठी विकिपीडियावर लिहिते. तिला या भागात बोलते करायचे आहे. पूर्वतयारीत तिने सांगितलेली एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटली. ती म्हणाली, "तिथे मला आजवर कोणी आडनाव विचारले नाही." खरेच आहे. टोपणनावाने खाते काढता येते. जात, गाव, शिक्षण, बापाचा धंदा, काहीही विचारले जात नाही. नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याच्या घराच्या दारात, कॉलेजच्या वसतिगृहात पहिला प्रश्न आडनावाचा असतो, त्या देशात ही गोष्ट लहान नाही. पण तिचेच पुढचे वाक्य असे : "आडनाव विचारत नाहीत, पुरावा विचारतात. आणि पुरावा शोधायला गेले की आडनाव आडवे येते." आमच्या मते साऱ्या कार्यक्रमाचे सार या दोन वाक्यांत आहे.

ते उलगडण्याआधी एका आक्षेपाला उत्तर द्यावे लागेल. कुणीही लिहायचे म्हटल्यावर विश्वास कसा ठेवायचा? आक्षेप योग्य आहे. २००५ मध्ये अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगेंथेलर यांच्यावरील लेखात कुणीतरी गंमत म्हणून लिहून ठेवले, की केनेडींच्या खुनात त्यांच्यावर संशय होता. हा धादांत खोटा मजकूर काही महिने तसाच राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार, तर प्रतिष्ठित ब्रिटानिका कोशाच्या लेखात सरासरी तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने या तपासणीवर हरकत घेतली, ते अलाहिदा. यातून श्रोत्याने घ्यायचे ते एवढेच, की विकिपीडियावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, तसा कोणत्याच कोशावर ठेवू नये. वाक्याच्या शेवटी जो लहान आकडा असतो त्यावर बोट ठेवावे आणि ते वाक्य आले कुठून ते पाहावे. आकडा नसेल तर तिथे दोन शब्द दिसतात : संदर्भ हवा.

हे दोन शब्द म्हणजेच आमच्या भागाचे नाव. विकिपीडियाचे नियम पुष्कळ असले तरी पायाभूत तीन आहेत. लिहाल ते निःपक्षपणे लिहा. लिहाल त्याला विश्वसनीय, प्रसिद्ध झालेला संदर्भ द्या. आणि स्वतःचे नवे संशोधन इथे मांडू नका. यांच्या जोडीला 'उल्लेखनीयते'चा नियम आहे. ज्या माणसाविषयी किंवा घटनेविषयी इतरांनी, स्वतंत्रपणे, पुरेसे लिहिलेले आहे, त्याच्यावरच लेख ठेवला जातो. नियम ऐकायला अगदी रास्त आहेत. ते नसते तर गल्लीतला प्रत्येक दादा स्वतःला समाजसुधारक म्हणून लिहून मोकळा झाला असता. पण नियम सर्वांना सारखा असला म्हणून त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडते असे नाही. ज्याच्या सात पिढ्यांविषयी छापले गेले त्याला संदर्भ कपाटात सापडतात. ज्याच्या आजीचे नाव सात-बाऱ्यावरही नाही, त्याने संदर्भ कुठून आणायचा?

हे फक्त आपल्याच बाबतीत घडते असेही नाही, हे श्रोत्यांना सांगणे जरूर आहे. कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ते जाहीर झाले त्या दिवशी सकाळपर्यंत इंग्रजी विकिपीडियात त्यांच्यावर लेख नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कुणीतरी लिहिलेला मसुदा पुरेशा संदर्भांअभावी परत पाठवला गेला होता. सोबतच्या पुरुष शास्त्रज्ञाचा लेख मात्र आधीपासून होता. विकिपीडियाने मुद्दाम अन्याय केला असे म्हणता येणार नाही. वर्तमानपत्रांनी, पुस्तकांनी, संस्थांनी त्या बाईंविषयी आधी पुरेसे लिहिलेच नव्हते. विकिपीडिया हा आरसा आहे आणि आरशात खोलीतला अंधारही दिसतो.

आता आपल्या घरातले उदाहरण घेऊ. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. छापला म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनीही तो पुराव्यानिशी दाखवता येतो. त्यावर कोशात लेख लिहिता येतो आणि कोणी तो खोडू शकत नाही. त्याच वर्गात त्याच बाकावर आणखी कोणी लिहिले असेल आणि ते छापले गेले नसेल, तर ती मुलगी इतिहासातून कायमची गेली. बुद्धी सारखी, शाळा एक. फरक फक्त छापील पानाचा.

दुसरे उदाहरण ताजे आणि जखम उघडी करणारे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिले काही आठवडे मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी या घटनेला तिच्या भीषणतेच्या मानाने जागाच दिली नाही. माहिती पसरली ती कार्यकर्त्यांच्या सत्यशोधनातून, पत्रकांतून, आपल्या छोट्या दैनिकांतून. लोक रस्त्यावर आले तेव्हा मोठ्या माध्यमांना जाग आली. आता विचार करा. कोशात 'विश्वसनीय' संदर्भ म्हणून सहज मान्य होतात ती मोठी वृत्तपत्रे, विशेषतः इंग्रजी. ती महिनाभर गप्प राहिली तर कोशही त्या महिन्यापुरता गप्पच राहणार. आणि आपले छोटे दैनिक, ज्याने पहिल्यांदा लिहिले, त्याचे अंक कुठे आहेत? कोणत्या ग्रंथालयात आहेत? कोणत्या तारखेच्या अंकात कोणत्या पानावर काय होते, हे आज कोण सांगू शकेल?

इथे काका पुन्हा उसळले. म्हणाले, "कागदाचे काय घेऊन बसलात? आमची पिढी हाच पुरावा आहे. आम्ही नामांतरात होतो. आम्हाला विचारा." त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही आणि विकिपीडियावाल्यांनाही ते पूर्वी सुचले होते. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी विकिमीडिया फाउंडेशनच्या साहाय्याने एक प्रयोग केला. जगातले बरेचसे ज्ञान छापलेले नाही, ते माणसांच्या तोंडी आहे. मग माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तेच संदर्भ म्हणून का लावू नये? मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी, या तीन भाषांत लोकांशी बोलून त्यांनी ते करून पाहिले. प्रयोगाची चर्चा खूप झाली. पण नियम बदलला नाही. तोंडी साक्ष आजही कोशाच्या दारात सहसा थांबवली जाते. त्याच न्यायाने आमचा हा पॉडकास्टसुद्धा, तो स्वतःच प्रसिद्ध केलेला असल्याने, संदर्भ म्हणून धरला जाणार नाही. आम्ही विकिपीडियावर चाळीस मिनिटे बोलणार आणि त्यातला एक शब्दही विकिपीडियात पुरावा ठरणार नाही! यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

पण रस्ता बंद आहे असे आम्हाला वाटत नाही आणि तो आपल्याच दोन स्त्रियांनी दाखवून ठेवला आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्या शोधून काढल्या, त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले, ते टिपून घेतले, जुने अंक आणि कागद धुंडाळून ताडून पाहिले आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक छापले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद भरली, त्यात बायकांनी बहुपत्नीकत्वाविरुद्ध आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी ठराव केले, हे सांगायला आज आपल्याकडे आधार आहे. पुढे या पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही झाला. म्हणजे जे तोंडी होते ते कागदावर आले, कागदावरून ग्रंथालयात गेले आणि ग्रंथालयातून कोशात जाण्याइतके पक्के झाले. शाहीर भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले नसते, तर जलशांचे काय झाले असते? गाणी राहिली असती; ती कोणी, कुठे, कशासाठी गायली ते राहिले नसते.

म्हणून आमच्या भागाचा मधला पंधरा मिनिटांचा तुकडा या एका मुद्द्याला दिला आहे. विकिपीडियावरचे काम विकिपीडियाच्या बाहेर सुरू होते. आधी छापणे, जपणे, तारीख घालणे, मग संपादन.

यानंतरची पाच मिनिटे आपल्याच लोकांना थोडी टोचतील. तरीही ती ठेवायची असे बहुमताने ठरले. बाबासाहेबांवरील लेखात कोणी 'परमपूज्य', 'विश्वरत्न' असे लिहिले आणि ते दुसऱ्याने काढले, की आपल्याकडे संताप उसळतो. संताप समजण्यासारखा आहे; अपमान इतके झाले आहेत की प्रत्येक खोडणे अपमानच वाटते. पण कोश ही अभिवादन सभा नव्हे. तिथे कोणत्याही महापुरुषाच्या नावामागे विशेषण चालत नाही आणि चालू नये. खुद्द बाबासाहेबांची रीत पाहा. १९१६ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला तेव्हा केतकरांसह आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या समोर ठेवल्या, त्यातले काय पटते आणि काय नाही ते कारणांसह सांगितले आणि मग आपले म्हणणे मांडले. पुराव्याने बोलणे हीच त्यांची सवय होती. कोशाचा नियम त्यांना परका वाटला नसता. त्याच बरोबर दुसरेही सांगायचे आहे. आपल्या संघटनेच्या अध्यक्षाचा परिचय, आपल्याच कवितासंग्रहाची माहिती आपणच कोशात लिहू नये. अशा लेखांमुळे आपल्या खऱ्या नोंदींकडेही संशयाने पाहिले जाते.

मग कोणी विचारेल, एवढे नियम पाळून आपण तिथे गेलो नाही तर काय बिघडेल? बिघडेल ते असे, की दुसरे जातील. युरोपातल्या क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर एका उजव्या गटाने जवळजवळ दहा वर्षे पकड ठेवली. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या फॅसिस्ट राजवटीचे अत्याचार सौम्य करून लिहिले, विरोध करणाऱ्यांना बाहेर काढले. २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने त्यावर अहवालच प्रसिद्ध केला. दुसरा मासला स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेचा. २०२० मध्ये उघड झाले की त्या भाषेच्या कोशातले हजारो लेख अमेरिकेतल्या एका तरुणाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती! हेतू वाईट नव्हता. पण भाषा जाणणारे कोणी हजर नव्हते. लहान भाषेच्या कोशात नियमित लिहिणारे थोडेच असतात. त्यामुळे दहा-वीस माणसे तो सुधारू शकतात आणि दहा-वीस माणसे तो बिघडवूही शकतात. मराठीलाही हे लागू आहे. रिकामी खुर्ची रिकामी राहत नसते.

धोका नाही असेही आम्ही सांगणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी तो मजकूर काढण्याची नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. त्याआधी २०२४ मध्ये 'एएनआय' या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. लेख लिहिणाऱ्यांची ओळख उघड करण्याचा प्रश्न त्यात निघाला. त्या खटल्याविषयीचे पानही न्यायालयाच्या आदेशाने काढावे लागले. पान काढण्याचा तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, यात इथे शिरत नाही. पण यातून आमच्यापुढे एक व्यवहाराचा प्रश्न आला. लिहिणाऱ्या मुलीचे नाव आणि आवाज कार्यक्रमात द्यायचा का? टोपणनाव हे तिचे कवच आहे. शेवटी असे ठरले, की ती बोलेल. पण तिचे खरे नाव आणि विकिपीडियावरचे टोपणनाव, दोन्ही सांगायचे नाहीत. तिच्या आईची संमती आम्ही विचारली, तेव्हा आई म्हणाली, "लिहू दे. पण तारीख-वार बरोबर लिही म्हणावं." हे वाक्य आम्ही कार्यक्रमात ठेवणार आहोत.

शेवटची दहा मिनिटे कामाची. ऐकून मान डोलावली आणि विसरले, असे होऊ नये म्हणून श्रोत्यांपुढे पाच कामे ठेवायची आहेत. पहिले : घरातल्या पेटीत, माळ्यावर, विहाराच्या कपाटात जुने अंक, जयंतीच्या स्मरणिका, परिषदांची पत्रके, मोर्च्यांची हँडबिले असतील, ती रद्दीत घालू नका. त्यांचे स्वच्छ फोटो काढा, अंकाची तारीख आणि पान लिहा, आणि मूळ प्रत जवळच्या ग्रंथालयाला द्या. दुसरे : स्मरणिका छापताना प्रकाशकाचे नाव, ठिकाण, वर्ष छापा. बिनतारखेचे पुस्तक म्हणजे बिनसहीचा दाखला. तिसरे : घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून त्यांचे बोलणे मोबाईलवर घ्या. कोण, कुठे, कधी हे सुरुवातीलाच बोलून घ्या, उतरवून काढा आणि एखाद्या अंकात किंवा पुस्तकात छापून आणा.

चौथे काम पुष्कळांना ठाऊक नाही. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ मधले. म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी मुक्त झाले आहेत. विकिपीडियाचे भावंड असलेल्या विकिस्रोत या प्रकल्पात असे ग्रंथ पानोपान टंकून, तपासून ठेवता येतात. ज्याला लेख लिहिण्याचा धीर होत नाही, त्याने रोज एक पान टंकावे. एका अभ्यासिकेत दहा मुले असली तरी वर्षात किती पाने होतील, हिशेब करा. पाचवे काम सगळ्यात लहान आहे. एखादा लेख उघडा, 'संदर्भ हवा' असे लिहिलेले एक वाक्य शोधा आणि त्याला एक खरा संदर्भ लावा. पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ष, पान. बस्स. लेख नवा लिहिण्यापेक्षा या कामाला कमी धाडस लागते आणि त्याचे मोल कमी नाही.

काकांचे समाधान झाले का? पूर्ण नाही. ते अजूनही म्हणतात की ज्यांनी आपल्याला छापले नाही, त्यांच्याच छापील कागदावर आपली परीक्षा घ्यायची हा न्याय नव्हे. त्यांचे हे म्हणणे आम्ही कार्यक्रमात त्यांच्याच आवाजात, न कापता ठेवणार आहोत. कारण ते खरे आहे. कोशाचा नियम बदलावा, तोंडी साक्षीला मान मिळावा, छोट्या भाषांतल्या छोट्या पत्रांना विश्वसनीय मानावे, ही मागणी रास्तच आहे आणि ती चर्चा पानावर जाऊन मांडावी लागेल. पण मागणी मांडायलाही आत जावे लागते. महाडला पाणी काही घागर घेऊन दारात आले नव्हते. तळ्यापर्यंत चालत जावे लागले.

कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण येत्या रविवारी आहे. काकांना आम्ही एक काम दिले आहे. नामांतराच्या काळातली त्यांच्याकडची पत्रके घेऊन यायची आणि प्रत्येकावर, आठवेल तेवढी नाही, तर खात्रीने ठाऊक असेल तीच तारीख पेन्सिलीने लिहायची. पत्रके चाळीसएक आहेत म्हणतात. चाळीस पत्रके म्हणजे चाळीस संदर्भ. तुमच्या घरात किती आहेत, ते आज संध्याकाळी माळ्यावर चढून पाहा.